'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली माणसं ओळखायची कशी? पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

जेन ऑस्टिनची ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध झाली. गोष्ट सरळ आहे. घरात पाच मुली, आईला त्यांच्या लग्नाची घाई आणि शेजारच्या बंगल्यात राहायला आलेला बिंगली नावाचा एक श्रीमंत तरुण. भाषाही जुनी असली तरी अवघड नाही. तरीसुद्धा पहिल्यांदा वाचणारे पुष्कळजण सहाव्या-सातव्या प्रकरणाशी अडतात, कारण 'ही मिस बेनेट म्हणजे नक्की कोणती?' हेच कळत नाही. चेहऱ्यांवरून ओळखावं, तर ऑस्टिन चेहरे फारसे रंगवत नाही. बिंगलीचा मित्र डार्सी उंच आहे, नायिका एलिझाबेथचे डोळे सुंदर आहेत, बेनेटांच्या नात्यातला कॉलिन्स आडदांड दिसतो. वर्णन एवढ्यावर आटपतं. ओळखीच्या खुणा तिने दुसरीकडे ठेवल्या आहेत. कोण कोणाला काय नावाने हाक मारतं, कोणाच्या गाठीला किती पैसे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण कसं बोलतं, तिकडे बघायचं.

पहिल्या पाच पायऱ्या वाचायला सुरुवात करण्याआधी वाचल्या तरी चालतील. त्यांत दोन-तीन लग्नांची बातमी तेवढी फुटते. सहावीत विकम या तरुण अधिकाऱ्याबद्दल जे लिहिलंय ते मात्र ३६वं प्रकरण संपल्यावरच वाचा, नाहीतर माझ्यामुळे तुमची मजा जाईल.

जवळ काय ठेवायचं

- पुस्तकाची कुठलीही पूर्ण प्रत. संक्षिप्त आवृत्ती नको. संक्षेप करणारे आधी संवाद कापतात, आणि इथे माणसं संवादांतच आहेत.
- एक मोठा कागद आणि पेन्सिल. पेन नको, खोडावं लागणार आहे.
- मोबाइलवर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावरची मोफत प्रत. एखादं नाव आधी कुठे आलं होतं ते शोधायला सोपं जातं. शोधताना पुढची प्रकरणं उघडू नका.

प्रकरणांच्या क्रमांकात एक घोळ आहे. कादंबरी मुळात तीन खंडांत छापली होती. काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडाचे क्रमांक एकपासून सुरू होतात, काहींत १ ते ६१ असे सलग चालतात. दुसऱ्या खंडाचं पहिलं प्रकरण म्हणजे सलग मोजणीतलं २४वं, तिसऱ्या खंडाचं पहिलं म्हणजे ४३वं. या लेखात सगळीकडे सलग क्रमांक दिले आहेत.

चित्रपट आधी बघू का, असं बरेचजण विचारतात. नंतर बघा. २००५च्या चित्रपटात बिंगलीची थोरली बहीण मिसेस हर्स्ट आणि तिचा नवरा गाळलेच आहेत. ते डोक्यात ठेवून पुस्तक उघडलंत तर नेदरफील्डच्या दिवाणखान्यात ही दोन जादा माणसं कुठून आली, असं होईल. बाजारातल्या गाइडांमधली पात्रयादीही आत्ता नको. तिथे कोणाचं लग्न कोणाशी होतं ते पहिल्याच ओळीत असतं.

१. आधी घरं मांडा, माणसं नंतर

कागदावर आधी घरांची नावं लिहा. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात लाँगबोर्न (बेनेट कुटुंब: आई-वडील आणि जेन, एलिझाबेथ, मेरी, किटी, लिडिया या पाच मुली), नेदरफील्ड (बिंगलीने भाड्याने घेतलेला बंगला), लुकस लॉज (सर विल्यम लुकस यांचं घर) आणि मेरिटन हे छोटं गाव. ही सगळी पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. लाँगबोर्नहून मेरिटन एक मैल; नेदरफील्ड तीन मैल, आणि तेवढं अंतर एलिझाबेथ सातव्या प्रकरणात चिखल तुडवत चालत जाते.

लांबची घरं कागदाच्या कडेला लिहा. लंडनमधली ग्रेसचर्च स्ट्रीट (गार्डिनर मामा-मामी), केंटमधलं हन्सफर्ड (कॉलिन्स) आणि त्याला लागून असलेलं रोझिंग्ज (लेडी कॅथरीन), डर्बीशायरमधलं पेंबर्ली (डार्सी). आता कोणीही नवीन आलं की पहिला प्रश्न एकच: हा कुठल्या घरचा? उत्तर मिळालं की त्या घराखाली नाव लिहून मोकळं व्हायचं.

२. मिस, मिसेस, सर, लेडी: हे नियम पाठच करा

खरा गुंता इथे आहे, म्हणून या पायरीला वेळ द्या.

अविवाहित बहिणींत फक्त सगळ्यात थोरलीला 'मिस' आणि आडनाव मिळतं. म्हणजे नुसतं 'मिस बेनेट' आलं की ती जेन. धाकट्यांना पहिलं नाव जोडावंच लागतं: मिस एलिझाबेथ बेनेट, मिस मेरी बेनेट. तिसऱ्या प्रकरणातल्या नाचात बिंगली 'मिस बेनेट'बरोबर दोनदा नाचतो ती जेन. नायिका म्हणून तिथे एलिझाबेथ गृहीत धरलीत तर पुढची पन्नास पानं उलटी वाचाल.

थोरली समोर नसेल तर हा मान पुढच्या बहिणीकडे जातो. वसंतात एलिझाबेथ केंटला जाते तेव्हा जेन लंडनला असते, म्हणून रोझिंग्जच्या दिवाणखान्यात एलिझाबेथच 'मिस बेनेट' होते. पुढे ५६व्या प्रकरणात लेडी कॅथरीन लाँगबोर्नला येऊन तिला झापतात तेव्हा जेन घरातच असते, तरी त्या 'मिस बेनेट'च म्हणतात. तिथे गोंधळू नका, ती एलिझाबेथ आहे.

थोरलीचं लग्न झालं की ती या हिशेबातून बाहेर पडते. बिंगलीची थोरली बहीण लुइसा आता मिसेस हर्स्ट आहे, म्हणून 'मिस बिंगली' म्हणजे धाकटी कॅरोलाइन. याच न्यायाने 'मिस लुकस' म्हणजे शार्लट. तिचं लग्न झालं की २६व्या प्रकरणानंतर तीच शार्लट 'मिसेस कॉलिन्स' या नावाने येऊ लागते. कागदावर तिचं नाव लुकस लॉजखालून खोडून हन्सफर्डखाली लिहा.

या मानाला घरातही किती किंमत होती ते ५१व्या प्रकरणात दिसतं. लग्न करून आलेली सोळा वर्षांची लिडिया जेवणघरात जाताना सगळ्यात थोरल्या जेनला सांगते, आता तुझी जागा माझी, तू मागे हो. आईला त्यात काही गैर वाटत नाही, उलट कौतुकच.

पुरुषांचं सोपं आहे. घरातला कर्ता नुसता 'मिस्टर' आणि आडनाव. मिस्टर बेनेट आणि मिसेस बेनेट यांची पहिली नावं पुस्तकभर कुठेच सापडत नाहीत, शोधू नका. नवराबायकोही एकमेकांना तसंच हाक मारतात.

आता 'सर' आणि 'लेडी'. 'सर'च्या पुढे पहिलं नाव येतं, म्हणून सर विल्यम. त्यांची बायको मात्र आडनावाने लेडी लुकस. हे गृहस्थ पूर्वी मेरिटनमध्ये व्यापार करत. महापौर असताना राजाला मानपत्र वाचून दाखवलं, त्यावर 'सर' ही पदवी मिळाली, आणि तेव्हापासून धंदा नकोसा झाला. लेडी कॅथरीन डी बर्ग यांच्या 'लेडी'पुढे आडनाव नाही, पहिलं नाव आहे. याचा अर्थ तो मान नवऱ्याकडून आलेला नाही, जन्माने आहे. त्या एका अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, कन्या आहेत. डार्सीची दिवंगत आई लेडी ॲन, ती यांचीच बहीण. नावातल्या एवढ्याशा फरकावरून लेडी लुकस आणि लेडी कॅथरीन यांच्यातलं अंतर तेव्हाच्या वाचकाला लगेच कळायचं. लेडी कॅथरीन सगळ्यांना हुकूम का सोडतात आणि सगळे ते का ऐकून घेतात, तेही त्यातच आलं.

दोन बारीकसारीक गोष्टी. घर सांभाळणाऱ्या कारभारणीला लग्न झालेलं असो नसो, मानाने 'मिसेस' म्हणत. पेंबर्लीच्या मिसेस रेनल्ड्स तशा. आणि नावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसली, तर छपाई चुकलेली नाही. एखाद्या खऱ्या उमरावाचं किंवा पलटणीचं नाव घेतल्यासारखं वाटू नये म्हणून तेव्हाचे लेखक रेघ ओढून मोकळे होत.

३. लिझी, एलायझा आणि एलिझाबेथ एकच

घरची माणसं तिला लिझी म्हणतात. शार्लट आणि लुकस मंडळी एलायझा म्हणतात. निवेदक एलिझाबेथ म्हणतो. कॅरोलाइन बिंगली 'मिस एलायझा बेनेट' म्हणते तेव्हा त्या सलगीत बोचकारा असतो, तो ऐकायला शिका. कॅथरीन बेनेट म्हणजे किटी. जॉर्जियाना म्हणजे मिस डार्सी.

४. नाती मराठीत लिहा

इंग्रजीत सगळ्या आंट आणि सगळे कझिन. आपल्याकडे नेमके शब्द आहेत, ते कागदावर वापरा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

मेरिटनच्या मिसेस फिलिप्स या बेनेट मुलींच्या मावशी. ग्रेसचर्च स्ट्रीटचे गार्डिनर हे मामा-मामी. आईचं माहेर वकिली-व्यापारातलं, वडील जमीनदार. कॅरोलाइन नाक मुरडते ती या मामा-मावशीच्या नावाने. मामा लंडनच्या चीपसाइड भागाजवळ राहतात हा नेदरफील्डमधल्या बहिणींचा आवडता विनोद आहे. प्रत्यक्षात हे मामा-मामी पुस्तकातल्या सगळ्यात शहाण्या माणसांपैकी निघतात.

लेडी कॅथरीन ही डार्सीची मावशी, तिची आजारी मुलगी ॲन ही मावसबहीण. कर्नल फिट्झविल्यम हा डार्सीचा मामेभाऊ. इथे एक सापळा आहे: फिट्झविल्यम हे कर्नलचं आडनाव, आणि डार्सीचं पहिलं नावही फिट्झविल्यमच, कारण ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. ३५व्या प्रकरणातल्या पत्रात डार्सी साक्षीदार म्हणून कर्नल फिट्झविल्यमचं नाव देतो आणि खाली सही करतो फिट्झविल्यम डार्सी अशी. एकाच पत्रात दोन माणसं आहेत, हे लक्षात ठेवा.

कॉलिन्स हा मिस्टर बेनेट यांचा लांबचा भाऊबंद. लाँगबोर्नची जमीन फक्त पुरुष वारसाकडे जाईल अशी बांधून ठेवलेली आहे, आणि बेनेटना मुलगा नाही. म्हणून वडिलांच्या मागे पाच मुलींच्या डोक्यावरचं छप्पर या गृहस्थाच्या ताब्यात जाणार. आडनाव वेगळं असताना तो वारस कसा, याचा खुलासा पुस्तकात नाही. बेनेट आणि कॉलिन्सच्या बापाचं भांडण होतं एवढं मात्र कळतं, आणि ते कशावरून असेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

५. प्रत्येक नावापुढे पैशाचा आकडा

या पुस्तकात माणूस दारातून आत येण्याआधी त्याचा आकडा येतो. लाजू नका, लिहून ठेवा. डार्सी वर्षाला १०,००० पौंड. बिंगली ४,००० ते ५,०००. मिस्टर बेनेट २,०००.

मुलींचे आकडे वेगळ्या प्रकारचे असतात आणि नवखे वाचक तिथे फसतात. जॉर्जियाना डार्सीचे ३०,०००, बिंगलीच्या बहिणींचे प्रत्येकी २०,०००, गावातल्या मेरी किंगचे १०,००० हे वर्षाचं उत्पन्न नाही. ती एकरकमी पुंजी आहे, तिच्यावर व्याज सुटणार. चार टक्के धरलं तर ३०,०००वर वर्षाला १,२०० पौंड. त्यामुळे 'जॉर्जियाना भावाच्या तिप्पट श्रीमंत' असा अर्थ काढू नका. बिंगलीला बापाकडून जवळपास एक लाख पौंड मिळालेत. त्याचं चार-पाच टक्क्यांनी व्याज काढा, त्याचं वार्षिक उत्पन्न बरोबर निघेल. ती संपत्ती व्यापारातून आलेली आहे आणि त्याला अजून स्वतःची जमीन नाही, हेही टिपा. त्याच्या बहिणी ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

बेनेट मुलींच्या नावापुढे लिहा: आईच्या मागे प्रत्येकी १,०००. कॉलिन्स १९व्या प्रकरणात लग्नाची मागणी घालताना हा आकडा एलिझाबेथला तोंडावर ऐकवतो.

६. आता कान द्या

इथून पुढे नाव न वाचताही माणूस ओळखता आला पाहिजे. ऑस्टिन संवादांत 'अमुक म्हणाला' पुष्कळदा गाळते. सराव पहिल्याच प्रकरणावर करा: मिस्टर आणि मिसेस बेनेट यांचं बोलणं वाचताना प्रत्येक वाक्याच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, हे कोणाचं. बाई एका दमात बातमी सांगतात, लगेच तक्रार करतात, मग आपल्या 'नर्व्ह्ज'ना त्रास होतो म्हणतात. बुवा गंभीर चेहऱ्याने थोडकंच बोलतात आणि त्या थोडक्यात टोमणा असतो. त्यांचं एकही वाक्य सरळ अर्थाने घेऊ नका.

कॉलिन्स ओळखायला सगळ्यात सोपा. वाक्य संपता संपत नाही, आधीच माफी मागून झालेली असते आणि कुठल्याही विषयावरून गाडी लेडी कॅथरीनवर येते. त्यांच्या एका दिवाणखान्यातल्या नुसत्या शेकोटीला ८०० पौंड लागले, हेही तोच सांगतो. १३व्या प्रकरणात तो येण्याआधी त्याचं पत्र येतं. ते पत्र मोठ्याने वाचा. माणूस तिथेच कळतो, एलिझाबेथलाही कळतो.

सर विल्यम दर भेटीत राजदरबाराचा, सेंट जेम्सचा उल्लेख करतात. निरुपद्रवी माणूस. मेरी पुस्तकातलं पाठ केलेलं बोलते, आणि नेमकं नको त्या वेळी. लिडियाच्या बोलण्यात लष्करी अधिकारी, टोप्या आणि हसणं याखेरीज काही नसतं. किटी ती म्हणेल त्याला मान डोलावते किंवा खोकते. लेडी कॅथरीन प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता सल्ला देतात. एलिझाबेथचं वय विचारल्यावर सरळ उत्तर मिळत नाही, तेव्हा त्या चकित होतात, तो २९व्या प्रकरणातला प्रसंग चुकवू नका. कॅरोलाइन दोनच गोष्टी करते: डार्सीच्या अक्षराचीसुद्धा स्तुती आणि एलिझाबेथच्या परकराला लागलेल्या चिखलाची चर्चा. दोन्हींचा श्रोता एकच.

जेन कोणाबद्दलही वाईट बोलत नाही. ती भोळी आहे असं लगेच ठरवू नका. तिचे अंदाज पुष्कळदा एलिझाबेथपेक्षा खऱ्याच्या जवळ जातात.

डार्सी चारचौघांत तुटक बोलतो आणि तिसऱ्या प्रकरणात एलिझाबेथला ऐकू जाईल असं तिच्याबद्दल वाकडं बोलतो. तो उद्धट आहे हे खरंच आहे. पुढे तो बदलतो म्हणून आधीचं धुऊन काढू नका. फक्त एवढं बघा, की तो खोटं गोड बोलत नाही.

(३६व्या प्रकरणापर्यंत पोचला नसाल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

विकम १५व्या प्रकरणात येतो, आणि त्याच्या बोलण्यात खोट काढणं नवख्याला जमत नाही, कारण तो फारच छान बोलतो. १६वं प्रकरण पुन्हा काढा. जेमतेम ओळख झालेल्या मुलीला तो पहिल्याच बैठकीत आपल्यावरच्या अन्यायाची कहाणी सांगतो. त्याच दमात म्हणतो, डार्सीच्या वडिलांच्या आठवणीखातर मी त्याची बेअब्रू कधी करणार नाही. मग आत्ता काय चाललंय? डार्सीला टाळायचं असेल तर त्यानेच टाळावं, मी कुठे जात नाही, असंही म्हणतो. आणि नेदरफील्डच्या नाचाला हाच गैरहजर. डार्सी गाव सोडून गेल्याबरोबर ही कहाणी मेरिटनभर होते. पुरावा सगळा पानावरच होता. मेरी किंगला १०,००० मिळाल्यावर त्याचं लक्ष तिकडे वळतं, तेही पाचव्या पायरीतल्या आकड्यांशी ताडून बघा.

७. मत कोणाचं, ते लिहा

निवेदकाचा आवाज फसवा आहे. वाक्य लेखिकेचं वाटतं, पण ते एखाद्या पात्राच्या मनातलं किंवा सगळ्या गावाचं असतं. नाचाच्या संध्याकाळी डार्सी हा जगातला सगळ्यात गर्विष्ठ, नकोसा माणूस असं छापलेलं आहे. तो निकाल मेरिटनच्या लोकांचा आहे, ऑस्टिनचा नाही. श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते, हे पहिल्या वाक्यातलं 'सर्वमान्य सत्य'सुद्धा मिसेस बेनेट यांच्यासारख्या आयांचंच.

म्हणून कागदावर 'डार्सी: गर्विष्ठ' असं लिहू नका. 'डार्सी: गर्विष्ठ, असं गाव म्हणतं' असं लिहा. 'विकम: सज्जन, असं एलिझाबेथला वाटतं.' ३६व्या प्रकरणात एलिझाबेथ एक पत्र पुन्हा पुन्हा वाचून स्वतःची मतं तपासते. तुमचा कागदही तेव्हाच बाहेर काढा आणि काय खोडावं लागतं ते बघा. दुसऱ्यांदा ४३व्या प्रकरणानंतर, पेंबर्लीच्या मिसेस रेनल्ड्स आपल्या मालकाबद्दल बोलतात तेव्हा. त्या पगारी आहेत, पण त्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखतात. तिसऱ्यांदा ५२व्या प्रकरणातलं गार्डिनर मामींचं पत्र वाचल्यावर.

८. सारख्या नावांचे खड्डे

कॅथरीन दोन: किटी बेनेट आणि लेडी कॅथरीन. ॲन दोन: डार्सीची आई आणि मिस डी बर्ग. मेरी बेनेट, मेरी किंग आणि शार्लटची धाकटी बहीण मराया लुकस या तिघी वेगळ्या. महत्त्वाचे विल्यम दोन: सर विल्यम आणि पत्राखाली सही करणारा कॉलिन्स. महत्त्वाचे कर्नलही दोन: फिट्झविल्यम हा डार्सीचा मामेभाऊ, फॉर्स्टर हा मेरिटनमधल्या पलटणीचा प्रमुख, ज्याच्या तरुण बायकोबरोबर लिडिया ब्रायटनला जाते.

९. कोणाला विसरलं तरी चालेल

मिसेस लाँग, गोल्डिंग, हॅरिंग्टन, प्रॅट, चेंबरलेन, कॅप्टन कार्टर ही नावं येतील आणि जातील. गावात वस्ती आहे एवढंच त्यांचं काम. त्यांच्यासाठी कागद भरू नका. डेनी मात्र बारीक अक्षरात लिहून ठेवा. विकमला मेरिटनमध्ये घेऊन येणारा तोच, आणि लिडिया पळून गेल्यावर विकमचा खरा बेत त्याच्याच तोंडून फुटतो. मिसेस यंग हे नावही ३५व्या प्रकरणात एकदा येऊन जातं. ते पुसू नका, ५२व्यात लागणार आहे.